ऑक्टोबरचं टेबल आणि फ्रेमिंगहॅमचा कारखाना

डेनिसन ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली कंपनी. जवाहिऱ्यांच्या डब्या, मालाला बांधायचे टॅग, डिंक लावलेली लेबलं, असा तिचा रुक्ष धंदा. या कंपनीने १९०९ साली ‘बोगी बुक’ (बोगी म्हणजे बागुलबुवा) नावाची एक पातळ पुस्तिका काढली. हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाला, दिवाणखाना कसा सजवायचा, जेवणाचं टेबल कसं मांडायचं, पाहुण्यांना कोणते खेळ द्यायचे, चेटकिणीचा पोशाख कशाचा करायचा, असा सगळा मजकूर. पुढची दोन वर्षं पुस्तिका निघाली नाही. १९१२ पासून मात्र ती जवळजवळ दर वर्षी येऊ लागली आणि १९३० च्या दशकापर्यंत येत राहिली. किंमत पाच-दहा सेंट.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या या सणासुदीच्या टेबलांबद्दल लिहिणारे बहुधा बायकांच्या हौसेपाशी येऊन थांबतात. हौस होतीच, ती नाकारायचं कारण नाही. पण त्या हौसेला ऑक्टोबरात कागद पुरवायचा तर तो काही महिने आधी रंगवून, चुण्या पाडून, घड्या घालून तयार ठेवावा लागतो. आणि हे काम करणाऱ्यांना सणांची विक्री संपल्यावरही पगार हवा असतो. मला या प्रकरणात रस आहे तो तिथे. सजलेलं टेबल आणि कारखान्याचं वेळापत्रक यांचा हिशेब एकाच कॅलेंडरवर मांडलेला दिसतो.

टेबलाचा मधला भाग मोकळा झाला

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांत फ्रेंच पद्धतीने वाढलं जाई. सूप, मासे, भाजलेलं मांस, भाज्या यांची भांडी टेबलावर एकदम मांडलेली असत आणि यजमान स्वतः मांस कापून देई. सजावटीला वेगळी जागा नव्हती, भरलेलं टेबल हीच शोभा. मग रशियन पद्धत रुळली. पदार्थ बाजूच्या मेजावर गेले, तिथून नोकर एकेक जिन्नस पाहुण्यांकडे फिरवू लागले. टेबलाचा मधला भाग रिकामा पडला आणि तिथे फुलं, फळांचे मनोरे, चांदीचे दीपदान येऊन बसले.

या थाटाला तीन गोष्टी लागतात: चांदी, फूलवाला आणि नोकर. मध्यमवर्गाने थाट उचलला, पण पहिल्या दोन गोष्टी त्याच्या आवाक्यात नव्हत्या आणि तिसरी दिवसेंदिवस मिळेनाशी होत होती. १८७० मध्ये अमेरिकेत पगारावर काम करणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास घरकामात होत्या. पुढच्या पन्नास वर्षांत कारखाने, मोठी दुकानं, टेलिफोन एक्स्चेंज आणि टाइपरायटर यांनी मुलींना दुसऱ्या वाटा दिल्या, आणि ते प्रमाण बरंच खाली आलं. १९१० च्या सुमारास एखाद्या गावातल्या बँकेतल्या कारकुनाची बायको आठ जणांना जेवायला बोलवी, तेव्हा स्वयंपाक तिचा, वाढणं तिचं, आणि पदर सावरून म्हणावं तसं ॲप्रन काढून पाहुण्यांशी गप्पा मारायला बसणंही तिचंच.

दुसरीकडे मासिकं तिच्यासमोर दर महिन्याला एक नवं टेबल मांडत होती. एडवर्ड बॉक यांच्या संपादकत्वाखाली ‘लेडीज होम जर्नल’चा खप शतकाच्या पहिल्याच दशकात दहा लाखांवर गेला होता. एकरंगी जेवणांची टूम याच काळातली. गुलाबी चहा म्हटला की फुलं गुलाबी, मेणबत्त्यांच्या टोप्या गुलाबी, केकवरची साखर गुलाबी. हॅलोवीनचा रंग नारिंगी, म्हणून ताटात गाजर, भोपळा, संत्रं, पिवळं चीज. कुणी पोट भरून जेवलं का, हा प्रश्न या लेखांतून फारसा विचारलेला दिसत नाही.

थोडक्यात, रिकामं टेबल होतं, त्यावर काहीतरी हवं ही समजूत पक्की झाली होती, आणि ते स्वस्तात, एकटीच्या हातांनी, एका संध्याकाळपुरतं करायचं होतं.

चुण्यांचा कागद

डेनिसनची सुरुवात १८४४ मधली, मेन राज्यातल्या ब्रन्सविक गावातली. अँड्र्यू डेनिसन जोडे शिवण्याचा धंदा करत. त्यांचा मुलगा आरॉन बॉस्टनमध्ये घड्याळांच्या आणि जवाहिऱ्याच्या व्यवसायात होता. दागिने ठेवायला परदेशातून येणाऱ्या पुठ्ठ्याच्या डब्या त्याला पसंत नव्हत्या, म्हणून त्याने वडिलांना घरी डब्या करायला लावलं. (यंत्रावर घड्याळं बनवणाऱ्या अमेरिकन उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत हाच आरॉन डेनिसन गणला जातो.) पुढे धंदा धाकट्या भावाच्या, एलिफलेटच्या हाती आला. १८६३ मध्ये त्याने टॅगच्या भोकाभोवती कागदाची जाड चकती चिकटवण्याचं पेटंट घेतलं. दोरा ओढला तरी टॅग फाटेना. कंपनी मोठी झाली ती या एवढ्याशा चकतीवर. १८९० च्या दशकाच्या अखेरीस कारखाना बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅमला आला.

त्याच दशकात तिच्या मालात क्रेप कागद आला. शाळेच्या गॅदरिंगला आणि गणपतीच्या आराशीला आपण वापरतो, तोच. पातळ टिशू कागद ओला करून रुळावर चिकटवतात आणि पात्याने खरवडून सोडवतात. सुटताना तो पात्याशी गोळा होतो आणि त्याच्यात बारीक आडव्या चुण्या पडतात. मग तो तसाच वाळवतात. चुण्यांमुळे कागद लांबीच्या दिशेने ताणला जातो, बोटांनी ओढला तर तो आकार धरून ठेवतो, आणि लांबून पाहिलं तर कापडासारखा पडतो. शिवणकाम येणाऱ्या बाईला तो हाताळायला वेगळं काही शिकावं लागत नव्हतं, आणि त्या काळात शिवणकाम बहुतेकींना येत होतं. शिवाय त्याला टीप घालावी लागत नाही, धुवावा लागत नाही, इस्त्री नाही. सकाळी गोळा करून टाकून द्यायचा.

साधा रंगीत क्रेप कुणीही विकू शकतो. डेनिसनने त्यावर चित्रं छापली. काळी मांजरं, झाडूवरच्या चेटकिणी, हसरे भोपळे, थँक्सगिव्हिंग या सुगीच्या सणासाठी टर्की आणि मक्याची कणसं. जोडीला त्याच चित्रांचे डिंक लावलेले शिक्के, कापलेले पुठ्ठ्याचे आकार, रुमाल, नावाच्या चिठ्ठ्या. पुस्तिकेत दाखवलेल्या मालाला विक्रीचा क्रमांक असे. म्हणजे सल्ला वाचून झाला की यादी तयार. ही जाहिरात लोक पैसे देऊन विकत घेत होते, आणि मला वाटतं त्यात त्यांची फसवणूक नव्हती. सूचना खरोखर उपयोगी होत्या. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो इथल्या कंपनीच्या दुकानांत कागदाची फुलं आणि सजावट शिकवलीही जाई.

आठ जणांचं टेबल

आता प्रत्यक्ष मांडणी. १९२० च्या आसपासचं हॅलोवीनचं जेवण धरू. टेबल सहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद, माणसं आठ.

क्रेपची ठरलेली घडी २० इंच रुंद आणि १० फूट लांब. टेबलाची रुंदी ४२ इंच. दोन पट्टे शेजारी शेजारी चिकटवले तर ४० इंच भरतात, म्हणजे वरचा भाग जवळजवळ झाकला जातो; लांबीला दोन्ही टोकांना दोन-दोन फूट खाली सोडायला उरतात. बाजूंना खाली लोंबणारी झालर वेगळी करावी लागते आणि वरच्या पट्ट्यांची उघडी कडाही तीच लपवते. तेव्हा नारिंगी कागदाच्या दोन घड्या वर, तिसरी झालरीला. कागद लांबीने ताणला जातो, म्हणून टोकं ओढून टाचायची नाहीत. ओढलं की मधे पोटं पडतात. ज्यांना एवढा व्याप नको त्या पांढऱ्या कापडावर मधून एकच पट्टा टाकत, आणि माझ्या मते तेच जास्त चांगलं दिसतं.

काळ्या कागदाची घडी उलगडायचीच नाही. बंद घडीवरूनच दोन-दोन इंचांवर कात्री चालवली की १० फुटी फिती एका झटक्यात तयार. २० इंचांतून अशा दहा. आठ फिती वरच्या दिव्यापासून आठ जणांच्या जागेपर्यंत पीळ देऊन सोडायच्या, उरलेल्या दोन खारवलेल्या बदामांच्या वाट्यांना गुंडाळायला. फितीची कड दोन्ही अंगठ्यांत धरून जराशी ताणली, पुन्हा पुढे ताणली, की कडेला लाटा उमटतात. नवशिकीला हे जमलं की तिला मोठा हुरूप येत असणार, कारण कष्ट मिनिटभराचे आणि परिणाम दुकानातल्यासारखा.

मधोमध भोपळा. खरा कोरलेला चालेल, पण तो जड, ओला आणि वास येणारा. म्हणून पुठ्ठ्याच्या गोल डब्याला नारिंगी क्रेप लावून केलेला भोपळा जास्त सोयीचा. त्याच्या पोटात आठ लहान भेटवस्तू: शिट्टी, अंगठी, छोटं आरशाचं खेळणं, भविष्य लिहिलेली चिठ्ठी. प्रत्येक वस्तूला बांधलेली फीत बाहेर निघून एकेका ताटापाशी जाते. जेवण संपलं की सगळ्यांनी एकदम ओढायची; वरचा कागद फाटतो आणि प्रत्येकाच्या हातात आपापली वस्तू येते. बालगीतातला जॅक हॉर्नर ‘पाय’ या भाजलेल्या पदार्थात अंगठा खुपसून आतलं फळ काढतो, त्यावरून याला जॅक हॉर्नर पाय म्हणत. डेनिसनच्याही आधीपासूनची ही रीत, पण कागद आल्यावर ती कुठल्याही सणाला लावता येऊ लागली. पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या वाढदिवसाला त्यांच्या लहानपणच्या दंतकथेतलं चेरीचं झाड आणि कुऱ्हाड, ईस्टरला अंडं किंवा घरटं, थँक्सगिव्हिंगला भोपळा किंवा टर्की. डबा एकच, वरचं सोंग बदलायचं.

या भोपळ्याची उंची सांभाळावी लागते. समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे, नाहीतर आठ जणांचं टेबल चार-चार जणांची दोन टेबलं होऊन बसतं.

नावाच्या चिठ्ठ्या बिनमहत्त्वाच्या वाटतील, पण नोकर नसलेल्या घरात त्या मोठं काम करत. कोण कुठे बसणार हे यजमानिणीने आधीच ठरवून ठेवलेलं असल्याने पाहुणे दारात घुटमळत नाहीत, आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची तिला स्वतःसाठी राखता येते. बदामांच्या वाट्यांचंही तसंच. ती सूप आणायला आत गेली तरी पाहुण्यांच्या हाताला काहीतरी असतं. शेवटी फिती ओढण्याची गंमत उरकते तोवर कॉफी तयार. कागदाच्या या सगळ्या खटाटोपाचा निम्मा हेतू यजमानीण टेबलावर नसतानाची मिनिटं भरून काढण्याचा होता. पुस्तिका हे अशा शब्दांत सांगत नाहीत. त्या नेहमी हसऱ्या, रिकामटेकड्या यजमानिणीशी बोलतात. मी स्वतः पंगतीचं घर सांभाळलेल्या बायकांत वाढलो, म्हणून कदाचित मला ती मिनिटं आधी दिसतात.

एका गोष्टीकडे मात्र काणाडोळा झालेला दिसतो, आणि ती गंभीर आहे. १९२० मध्येही अमेरिकेतल्या साधारण ३५ टक्के घरांतच वीज होती. १९३० पर्यंत ते प्रमाण ६८ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे पहिल्या ‘बोगी बुक’च्या वेळी वरचा दिवा बहुतेक घरांत गॅसचा किंवा रॉकेलचा होता आणि टेबलावर मेणबत्त्या होत्या. त्याच दिव्यापासून पातळ कागदाच्या आठ फिती खाली सोडायच्या, पाहुण्यांनीही कागदाच्याच टोप्या घालायच्या! वीज नसलेल्या घरात ही फितींची मांडणी करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. झालर आणि वाट्या पुरेत, आणि मेणबत्त्या त्यांच्यापासून लांब. दुसरी अडचण किरकोळ: ओला पेला ठेवला की क्रेपचा रंग सुटतो आणि खालच्या पांढऱ्या कापडावर नारिंगी वर्तुळं उठतात.

खेळांबद्दल थोडक्यात. पाण्यातली सफरचंदं तोंडाने पकडणं, अंधाऱ्या खोलीत आरशात भावी नवऱ्याचं तोंड पाहणं, हे स्कॉटिश आणि आयरिश स्थलांतरितांबरोबर आलेलं. तरुण पोरं त्या रात्री गावातली फाटकं उचकटून पळवत, गाड्या छपरावर चढवत. त्यांना घरात बोलावून गुंतवणं हाही पार्टीचा एक फायदा. मिनेसोटातल्या अनोका गावाने १९२० मध्ये याच कारणासाठी हॅलोवीनची मिरवणूक सुरू केली.

कारखान्याचं वर्ष

एलिफलेटचा नातू हेन्री स्टर्जिस डेनिसन (१८७७–१९५२) हार्वर्डमधून १८९९ ला बाहेर पडला आणि कारखान्यात शिरला. १९१७ मध्ये तो अध्यक्ष झाला आणि मरेपर्यंत होता. उद्योगपती म्हणून तो जरा वेगळ्या वळणाचा. १९११ मध्ये त्याने कंपनीच्या मताधिकार देणाऱ्या शेअर्सची रचना अशी बदलली की बाहेरच्या भागधारकांऐवजी प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्यांच्या हाती नियंत्रण आलं. १९१६ मध्ये त्याने बेकारी निधी उभा केला. अमेरिकेत एखाद्या कंपनीने आपखुशीने असा निधी काढण्याच्या पहिल्या उदाहरणांपैकी हे एक.

बेकारी निधी काढावासा का वाटला, याचं उत्तर मालात आहे. टॅग आणि लेबलं वर्षभर खपतात. सणाचा माल मात्र एकदम मागितला जातो आणि एकदम थांबतो. गर्दीच्या महिन्यांत जादा माणसं घ्यायची आणि हंगाम सरला की काढून टाकायची, ही तेव्हाची सर्वमान्य पद्धत. हेन्री डेनिसन तिच्या विरोधात बोलत आणि लिहीत राहिला. त्याचे उपाय कोरडे होते: दुकानदारांकडून ख्रिसमसच्या मागण्या खूप आधी मिळवायच्या, न नासणारा माल मंदीत करून गोदामात ठेवायचा, एका विभागातल्या माणसांना दुसऱ्या विभागातलं काम शिकवायचं, आणि मंदीचे महिने भरतील असे नवे जिन्नस शोधायचे.

हा शेवटचा उपाय टेबलावर आणून ठेवा. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन आणि वॉशिंग्टनचा वाढदिवस, मार्चमध्ये सेंट पॅट्रिक या आयरिश संताच्या दिवसाचा हिरवा, मग ईस्टर, जूनमधली लग्नं, ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाचा लाल-पांढरा-निळा, ऑक्टोबरात हॅलोवीन, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग, शेवटी ख्रिसमस. एकाच यंत्रावरचा तोच कागद, रंग आणि छपाई तेवढी वेगळी. ‘बोगी बुक’मध्येही हॅलोवीनच्या जोडीला सुगीचे आणि थँक्सगिव्हिंगचे बेत असत, त्यामुळे एकाच पुस्तिकेवर दोन महिने विक्री चाले. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात तर कंपनीने ‘पार्टी मॅगझिन’ही काढलं. ते कुठल्या एका सणाला बांधलेलं नव्हतं.

‘बोगी बुक’ याच हिशेबातून जन्मलं असं मी म्हणत नाही. १९०९ ला हेन्री अध्यक्ष नव्हता, आणि विक्री खात्याला नुसती विक्री वाढवायचीही असू शकते. पण दहा-पंधरा वर्षांत या दोन गोष्टी एकमेकींना इतक्या फिट बसल्या की त्यांना वेगळं काढून पाहणं मला जमत नाही. कामगार वर्षभर टिकावेत म्हणून सण वर्षभर हवे होते. सण कॅलेंडरवर आधीपासून होतेच. त्यांना टेबल नव्हतं, ते कंपनीने दिलं.

इथे एक विसंगतीही नोंदवायला हवी. त्या काळात मॅसॅच्युसेट्समध्ये टॅगांना दोरा ओवण्याचं काम घरोघरी दिलं जाई. बायका आणि मुलं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून हजाराच्या हिशेबाने टॅग ओवत. या घरबसल्या मजुरीला ना ठरलेले तास होते, ना मंदीत कुणाचा आधार. मंदीच्या महिन्यांची एवढी काळजी वाहिली जात होती ती कारखान्याच्या छपराखालच्या माणसांपुरती.

पुढे

या टेबलाला उतरती कळा लागली ती १९३० च्या दशकातल्या महामंदीत. हॅलोवीन हळूहळू जेवणाच्या खोलीतून दारात गेला. १९३० च्या दशकात दारोदार जाऊन गोळ्या मागण्याची रीत पसरू लागली, युद्धकाळात साखरेच्या रेशनिंगने थांबली आणि १९४७ मध्ये ते उठल्यावर देशभर फोफावली. पिशवीभर तयार गोळ्या आणल्या की यजमानिणीचं काम संपलं. आठ जणांना बसवून खिलवायची गरज नाही, मग फिती आणि झालरींचं काय काम? १९०० मध्ये सुरू झालेली पेनसिल्व्हेनियातली बाइस्टल कंपनी घडी उघडली की फुलणाऱ्या जाळीदार कागदाच्या तयार वस्तू विकत होती. त्यांना कात्रीही लावावी लागत नव्हती. माझ्या मते डेनिसनच्या टेबलाला मारलं ते या दोन्हींनी मिळून: तयार सजावट आणि दाराशी उरकणारा सण.

कंपनी मात्र टिकली, कारण तिचा मूळ धंदा टॅगांचा होता. १९९० मध्ये ती एव्हरी कंपनीत विलीन झाली. आज एव्हरी डेनिसन कपड्यांवरची लेबलं आणि गोदामात वाचले जाणारे इलेक्ट्रॉनिक टॅग करते, भारतातही. फ्रेमिंगहॅमच्या इतिहास केंद्राकडे जुन्या डेनिसन मालाचा संग्रह आहे. ‘बोगी बुक’च्या मूळ प्रती संग्राहक चढ्या भावाने घेतात, त्यातही १९०९ ची क्वचितच हाती लागते, बाकीच्यांच्या नव्याने छापलेल्या आवृत्त्या सहज मिळतात. ज्यांना टेबल मांडून पाहायचं आहे त्यांनी त्या घ्याव्यात. सूचना अजूनही चालतात. मालाचे क्रमांक चालत नाहीत.